दुरुस्त सांध्याची परीक्षा

भूकंप होऊन गेला, की पडलेल्या इमारतींचे ढिगारे उपसले जातात. ज्या इमारतींना काहीच झाले नाही, तेथे लोक पुन्हा राहू लागतात. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा वर्ग उरतो. या इमारती उभ्या असतात, पण त्यांना तडे गेलेले असतात. त्या पाडायच्या की दुरुस्त करायच्या? आणि दुरुस्त केल्या, तर त्यांत पुन्हा राहायला जाणे सुरक्षित आहे हे कशावरून ठरवायचे?

गवंड्याने तडे बुजवले, वरून गिलावा केला आणि रंग दिला, की भिंत नव्यासारखी दिसते. परंतु दिसणे वेगळे आणि असणे वेगळे. वरून कीर्तन, आतून तमाशा असा प्रकार इमारतीच्या बाबतीत माणसांच्या जिवावर बेततो. म्हणून शास्त्रज्ञ आणि अभियंते एक विलक्षण वाटणारा मार्ग पत्करतात. प्रयोगशाळेत इमारतीचा एक तुकडा बांधायचा, तो मुद्दाम मोडायचा, मग दुरुस्त करायचा आणि दुरुस्त केलेला तुकडा पुन्हा मोडायचा! या लेखात आपण ही परीक्षा कशी घेतात आणि तिच्या निकालाचा अर्थ कसा लावतात, ते पाहू.

इमारतीचे कोपर

आपल्या शहरांतील बहुतेक उंच इमारतींना काँक्रीटचा सांगाडा असतो. उभे खांब आणि आडव्या तुळया (बांधकामावर त्यांना कॉलम आणि बीम म्हणतात) मिळून हा सांगाडा तयार होतो. भिंती नंतर भरल्या जातात. खांब आणि तुळई जेथे एकमेकांना भेटतात ती जागा म्हणजे सांधा. माणसाच्या हातात कोपराचे जे स्थान, ते सांगाड्यात या सांध्याचे.

काँक्रीटचा स्वभाव तुम्हाला ठाऊक असेल. ते दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची शक्ती दाबाच्या सुमारे एकदशांशच असते. ही उणीव भरून काढण्यासाठी काँक्रीटमध्ये पोलादी सळया घालतात. जोसेफ मोनिये या फ्रेंच माळ्याने सिमेंटच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून त्यांत लोखंडी जाळी घातली आणि १८६७ साली त्याचे पेटंट घेतले. आज ज्याला आपण आर.सी.सी. म्हणतो, त्याच्या इतिहासात या कुंड्यांना मानाचे स्थान आहे.

एरवी, म्हणजे केवळ इमारतीचे वजन पेलताना, सांध्याला फारसा त्रास होत नाही. त्याची खरी कसोटी भूकंपात लागते. जमीन हलली, की सांगाडा डावी-उजवीकडे झुलतो. त्या वेळी मधल्या सांध्याच्या एका बाजूला तुळईची वरची सळई बाहेर ओढली जाते, तर दुसऱ्या बाजूला तीच सळई आत ढकलली जाते. ही ओढ आणि हा रेटा दोन्ही एकाच दिशेने असतात. त्यामुळे सांध्यातील काँक्रीटला ती सळई खांबाच्या रुंदीएवढ्या, म्हणजे जेमतेम फूटभर लांबीत घट्ट धरून ठेवावी लागते. पुढच्याच क्षणी इमारत उलट दिशेला झुकते आणि सारी बले उलटी होतात.

काड्यापेटी सांगते

सांध्यात काय घडते हे पाहण्यासाठी रिकाम्या काड्यापेटीचे बाहेरचे टरफल घ्या. त्याचे उघडे तोंड आपल्याकडे करून खालची बाजू टेबलावर धरून ठेवा आणि वरची बाजू बोटाने उजवीकडे ढकला. आयताकृती तोंड तिरपे होते. आता त्याच्या कर्णांकडे लक्ष द्या. एक कर्ण लांबला आणि दुसरा आखूड झाला. सांध्यातही हेच होते. जो कर्ण लांबतो, त्या दिशेने काँक्रीटवर ताण येतो आणि ताण तर काँक्रीटला सोसत नाही. म्हणून लांबलेल्या कर्णाला काटकोनात, म्हणजे साधारण दुसऱ्या कर्णाच्या दिशेने, तडा जातो. इमारत उलट झुकली, की दुसऱ्या कर्णाची पाळी येते. दोन्ही तडे मिळून सांध्यावर फुलीची खूण उमटते. भूकंपानंतर पाहणीला गेलेला अभियंता सांध्यावरची ही फुली पाहताच सावध होतो.

ही फुली उमटू नये, उमटली तरी काँक्रीटचे तुकडे सुटून पडू नयेत, यासाठी खांबातील उभ्या सळयांभोवती आडव्या कड्या घालतात. आपल्याकडचे कारागीर त्यांना रिंगा म्हणतात. या रिंगा सांध्यातूनही जायला हव्यात आणि त्यांची टोके १३५ अंशांत वळवून आत रोवलेली हवीत. नेमके येथेच दुर्लक्ष होते. सांध्यात खांबाच्या आणि दोन्हीकडच्या तुळयांच्या सळयांची एवढी दाटी होते, की तेथे रिंग बसवणे हे किचकट काम ठरते. मग खांबात रिंगा, तुळईत रिंगा, पण सांधा मोकळा, असा प्रकार जुन्या इमारतींत पुष्कळ ठिकाणी आढळतो. भूकंपात काँक्रीटचा सांगाडा ठिसूळपणे मोडू नये म्हणून सळया कशा बांधाव्यात, याचे आयएस १३९२० हे भारतीय मानक १९९३ साली आले आणि २०१६ साली त्यात सुधारणा झाली. त्याआधी बांधलेल्या असंख्य इमारती आजही वापरात आहेत.

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी गुजरातमधील कच्छला ७.७ महत्तेचा भूकंप झाला. केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमध्येही काँक्रीटच्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडलेला, त्यामुळे खालचे खांब एकटे पडलेले, हे त्याचे मोठे कारण होते. परंतु खांबांच्या टोकांशी आणि सांध्यांत रिंगा अपुऱ्या असणे, हेही उणे होतेच. अशा वेळी न पडलेल्या, पण दुखावलेल्या इमारतींसाठी चांगल्या दुरुस्तीची गरज फार मोठी असते.

मसाल्यात तंतू

सांध्याची दुरुस्ती करताना प्रथम तुळयांना टेकू देऊन सांध्यावरचा भार कमी करतात. मग सुटलेले आणि पोकळ वाजणारे काँक्रीट छिन्नीने काढून टाकतात. सळयांच्या मागेपर्यंत जागा मोकळी करतात आणि तारेच्या ब्रशने त्या स्वच्छ करतात. तुटलेल्या रिंगा बदलतात. आतवर गेलेल्या बारीक तड्यांत एपॉक्सी रेझिन दाबाने भरतात. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात आपल्या कोयना धरणाच्या काँक्रीटला तडे गेले, तेव्हाही एपॉक्सीचा उपयोग केला गेला होता. शेवटी काढून टाकलेल्या काँक्रीटच्या जागी नवा मसाला भरतात.

हा मसाला साधा, म्हणजे फक्त सिमेंट, वाळू आणि पाणी यांचा असेल, तर काँक्रीटचा ठिसूळपणा त्याच्यातही असतोच. त्याची एक मीटर लांबीची पट्टी ओढून पाहिली, तर ती सुमारे एकदशांश मिलिमीटर लांबताच तुटते. म्हणून त्यात बारीक तंतू मिसळण्याची कल्पना निघाली. कल्पना तशी जुनीच आहे. आपल्याकडे मातीच्या भिंतीला गिलावा करताना चिखलात गवताचे किंवा भाताच्या पेंढ्याचे तुकडे तुडवतात ते उगीच नव्हे! सिमेंटमध्ये पोलादाचे, काचेचे, पॉलिप्रॉपिलीनचे असे नाना प्रकारचे तंतू वापरून पाहिले गेले आहेत.

तंतू तडा पडणेच थांबवतो, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक तडा पडतोच, आणि तंतूचे काम तडा पडल्यानंतर सुरू होते. तड्याच्या दोन काठांना तंतू पुलासारखे जोडून धरतात. तडा रुंदावायचा, तर प्रत्येक तंतू आपल्या बिळातून घासत घासत बाहेर यावा लागतो. घर्षणाविरुद्ध अंतर कापायचे म्हणजे कार्य करावे लागते. बल गुणिले विस्थापन, हे सूत्र तुम्ही शिकला आहातच. भूकंपाने इमारतीत ओतलेली ऊर्जा अशा रीतीने लाखो तंतूंच्या घर्षणात खर्च होते.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात व्हिक्टर ली यांनी १९९० च्या दशकात या विचाराला गणिताची जोड दिली. त्यांच्या मसाल्यात खडी नसते. बारीक वाळू असते आणि आकारमानाच्या सुमारे २ टक्के पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे तंतू असतात. असा एक तंतू साधारणपणे ०.०४ मिलिमीटर जाड आणि १२ मिलिमीटर लांब असतो. एका लिटर मसाल्यात किती तंतू असतील? हिशेब करून पाहा. एका तंतूचे आकारमान सुमारे ०.०१५ घन मिलिमीटर. एका लिटरचे २ टक्के म्हणजे २०,००० घन मिलिमीटर. भागाकार केला, की उत्तर येते सुमारे तेरा लाख!

या तंतूंची एक गंमत आहे. सिमेंट त्यांना फार घट्ट धरते. तुम्ही म्हणाल, मग चांगलेच झाले! परंतु पकड फार घट्ट असेल, तर तंतू घासत बाहेर येण्याऐवजी ताडकन तुटतो आणि घर्षणात ऊर्जा खर्च करण्याची संधीच जाते. पकड फार ढिली असेल, तर तो सहज सुटतो आणि काहीच रोखत नाही. म्हणून या तंतूंवर मुद्दाम तेलाचा अतिशय पातळ थर देतात. पकड नेमकी हवी तेवढी झाली, की पहिल्या तड्याला तंतू रोखून धरतात, भार शेजारी सरकतो आणि तेथे दुसरा बारीक तडा पडतो, मग तिसरा. एका मोठ्या भेगेऐवजी केसासारख्या असंख्य भेगा पडतात आणि त्यांची रुंदी सहसा एकदशांश मिलिमीटरहूनही कमी राहते. अशा मसाल्याची एक मीटरची पट्टी तीस मिलिमीटर, कधी त्याहूनही अधिक लांबू शकते. मघाच्या साध्या मसाल्याशी याची तुलना करा. हा फरक काहीशे पटींचा आहे.

जपानमध्ये हिरोशिमाजवळच्या मिताका धरणाच्या खराब झालेल्या पृष्ठभागावर २००३ साली अशाच मसाल्याचा सुमारे २० मिलिमीटर जाडीचा थर फवारण्यात आला. मात्र हा मसाला महाग असतो. त्यामुळे सारी इमारत त्याची बांधणे परवडत नाही. सांध्यासारख्या नेमक्या जागी दोन-तीन सेंटिमीटरचा थर देणे मात्र शक्य असते.

परीक्षागृहात

आता परीक्षेकडे वळू. काँक्रीटच्या सांध्यांवर भूकंपासारखा उलटसुलट भार देऊन केलेल्या सुरुवातीच्या चाचण्यांपैकी एक महत्त्वाची चाचणी अमेरिकेत पोर्टलंड सिमेंट असोसिएशनच्या प्रयोगशाळेत हॅन्सन आणि कॉनर यांनी केली. तिचे निष्कर्ष १९६७ साली प्रसिद्ध झाले. पुढे न्यूझीलंडमध्ये पार्क आणि पॉले यांनी हा विषय खूप पुढे नेला. आपल्या देशातही कानपूर आणि रुरकीच्या आय.आय.टी., चेन्नईचे स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर अशा ठिकाणी या प्रकारच्या चाचण्यांची सोय आहे.

प्रयोगशाळेची जमीन आणि एक भिंत अतिशय जाड व भक्कम काँक्रीटची असते. यंत्राने नमुन्याला ढकलले, की न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार तेवढाच रेटा यंत्रामागच्या भिंतीवर येतो. भिंतच मागे सरकू लागली तर मोजमाप काय करणार? नमुना म्हणजे अर्धा खांब वर, अर्धा खाली आणि बाजूला तुळईचा तुकडा. जुन्या इमारतींचा अभ्यास करायचा असेल, तर सांध्यात मुद्दाम रिंगा घालत नाहीत. वरच्या मजल्यांच्या वजनाऐवजी एक जॅक खांबाला वरून सतत दाबून ठेवतो. दुसरा जॅक नमुन्याला पुढे ढकलतो आणि मागे ओढतो.

किती ढकलायचे हे मजल्याच्या उंचीच्या टक्केवारीत ठरवतात. ३ मीटर उंचीचा मजला ३० मिलिमीटर कलला, तर तो १ टक्का कलला असे म्हणतात. आधी अर्धा टक्का, मग एक, दीड, दोन, अशा चढत्या पायऱ्या घेतात आणि सहसा प्रत्येक पायरीवर तीन वेळा पुढे-मागे करतात. तीन वेळा का? एकदा धक्का सोसणारा सांधा त्याच मापाच्या दुसऱ्या, तिसऱ्या धक्क्यात ढेपाळतो की काय, हे कळावे म्हणून. ठरलेले नुकसान झाले, की थांबतात. सांध्याची दुरुस्ती करतात, मसाला पक्का होईपर्यंत पाणी मारतात. मग तोच नमुना, तेच यंत्र आणि त्याच पायऱ्या. दोन्ही परीक्षांची प्रश्नपत्रिका एकच असावी लागते. नाहीतर गुणांची तुलना कशी करणार?

वेटोळ्यांची भाषा

या परीक्षेची उत्तरपत्रिका म्हणजे एक आलेख. आडव्या अक्षावर नमुना किती सरकला ते आणि उभ्या अक्षावर त्यासाठी किती बल लागले ते मांडतात. नमुना उत्तम स्प्रिंगसारखा असता, तर आलेख एकाच सरळ रेषेवरून पुढे गेला आणि मागे आला असता. परंतु तडे पडू लागले, सळया ताणल्या गेल्या, की परतीची वाट वेगळी होते आणि आलेखात वेटोळे तयार होते. चुंबकत्व शिकताना पुढे तुम्हाला अशीच वेटोळी भेटतील. त्यांना हिस्टेरेसिसची वेटोळी म्हणतात. वेटोळ्याने वेढलेले क्षेत्रफळ म्हणजे त्या फेऱ्यात खर्च झालेली ऊर्जा. वेटोळे गरगरीत असेल, तर सांधा भूकंपाची ऊर्जा पचवतो आहे. ते मध्यभागी चिमटल्यासारखे दिसत असेल, तर तडे उघडमीट करीत आहेत किंवा सळया घसरत आहेत, असे समजावे.

दुरुस्तीचा निकाल तीन विषयांत लागतो: शक्ती, ताठरता आणि पचवलेली ऊर्जा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, मूळ सांध्याने जास्तीत जास्त ५० किलोन्यूटन बल सोसले आणि दुरुस्त सांध्याने ५६. वा! दुरुस्ती यशस्वी! परंतु थांबा. मूळ सांध्याला सुरुवातीचे १० मिलिमीटर सरकवण्यास ४० किलोन्यूटन लागत होते, आता २८ पुरतात. म्हणजे ताठरता ७० टक्क्यांवर आली. असे का व्हावे? बाहेरचा मसाला नवा आणि जोमदार आहे. परंतु सांध्याच्या गाभ्यातील डोळ्यांना न दिसणारे तडे आणि सळयांची सुटलेली पकड तशीच राहिली आहे.

ताठरता कमी झाल्याचा परिणाम काय? स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचा आवर्तकाल २π√(m/k) असतो. k ७० टक्के झाला, तर आवर्तकाल सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. सर्वच सांध्यांची ताठरता अशी घटली, तर इमारत पूर्वीपेक्षा सावकाश आणि सहसा अधिक झुलते. म्हणून केवळ शक्ती वाढली एवढ्यावर समाधान मानता येत नाही. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटने भूकंपप्रवण भागातील नव्या प्रकारच्या सांगाड्यांच्या चाचणीसाठी जे निकष ठरवले आहेत, त्यांत साडेतीन टक्के कलल्यावर तिसऱ्या फेऱ्यातही नमुन्याने आपल्या कमाल बलाच्या निदान ७५ टक्के बल टिकवावे, अशी एक अट आहे. ३ मीटरच्या मजल्याला साडेतीन टक्के म्हणजे १०५ मिलिमीटर, जवळजवळ वीतभराचा अर्धा कल!

आणखी एक गोष्ट परीक्षक बारकाईने पाहतो. दुसऱ्या वेळी नमुना मोडला कोठे? सांधा भक्कम झाला आणि मोडतोड तुळईच्या टोकाशी सरकली, तर ते चांगले. तुळई वाकली तरी मजला लटकून राहतो आणि माणसांना बाहेर पडता येते. पण मोडतोड खांबात सरकली, तर दुरुस्तीने घात केला असे म्हणावे लागेल. खांब गेला, की वरचे मजले खाली येतात. म्हणूनच खांब तुळयांपेक्षा बलवान असावेत असा नियम आहे. आपल्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत सांध्याशी मिळणाऱ्या खांबांची वाकण्याविरुद्धची एकूण शक्ती तुळयांच्या निदान १.४ पट असावी असे सांगितले आहे.

या परीक्षेलाही मर्यादा आहेत. नमुना सहसा खऱ्यापेक्षा लहान असतो. त्याला चारही बाजूंच्या तुळया आणि स्लॅब नसतो. शिवाय भूकंपात जो हेलकावा सेकंदाच्या आसपास होतो, तो येथे कित्येक मिनिटे चालतो. म्हणून एका नमुन्याच्या यशावरून सर्व इमारतींची हमी देता येत नाही. परंतु न मोडताच दिलेल्या हमीपेक्षा मोडून पाहून दिलेला सावध अंदाज केव्हाही अधिक मोलाचा.

करून पाहा

ही परीक्षा लहान प्रमाणात शाळेतही घेता येईल. शिक्षकांच्या देखरेखीखाली करा आणि हातात रबरी मोजे घाला, कारण ओले सिमेंट कातडीला बाधते.

३० सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटर खोल असे लाकडी पट्ट्यांचे साचे करा. त्यांना आतून तेल लावा. एक भाग सिमेंट आणि दोन भाग बारीक वाळू पाण्यात कालवून निम्म्या साच्यांत हा साधा मसाला भरा. उरलेल्या साच्यांसाठी दर पट्टीमागे सुमारे २ ग्रॅम तंतू मिसळा. नायलॉनची दोरी उसवून तिचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे केले, तरी चालतील. ते थोडे थोडे टाका. एकदम टाकले तर त्यांचे गोळे होतात. दुसऱ्या दिवशी पट्ट्या साच्यांतून काढून दोन आठवडे पाण्यात ठेवा.

आता २४ सेंटिमीटर अंतरावर ठेवलेल्या दोन आधारांवर पट्टी आडवी ठेवा. तिच्या मध्यावर दोरीने बादली अडकवा. बादलीचा तळ जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरच वर असू द्या, म्हणजे ती पडली तरी पायावर आदळणार नाही. मगाने मोजून पाणी ओतत जा. साधी पट्टी कोणतीही सूचना न देता मोडून दोन तुकडे होतील. तंतूंच्या पट्टीला तडा दिसेल, ती वाकेल, पण बहुधा तुकडे धरून राहील. दोन्ही वेळा किती पाणी लागले ते लिहून ठेवा.

मग साध्या पट्टीचे तुकडे जुळवून ठेवा. त्यांची एक बाजू खरवडून ओली करा आणि तिच्यावर तंतूंच्या मसाल्याचा एक सेंटिमीटर थर द्या. तो पक्का झाल्यावर थराची बाजू खाली ठेवून, म्हणजे ताण येणाऱ्या बाजूस ठेवून, पुन्हा परीक्षा घ्या. तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा. किती पाणी लागले? पट्टी किती वाकली? ती जुन्याच जागी मोडली, थर सुटून आला, की तडा नव्या जागी गेला? एकाच पट्टीवर विसंबू नका. प्रत्येक प्रकारच्या निदान तीन पट्ट्या करा.

आणि तुमच्या गल्लीत एखादी इमारत बांधली जात असेल, तर काँक्रीट ओतण्यापूर्वी, परवानगी घेऊन आणि वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन, सळयांची बांधणी अवश्य पाहा. खांबात रिंगा दिसतील, तुळईतही दिसतील. सांध्यातही आहेत का, हे मात्र नीट वाकून पाहावे लागेल. एकदा काँक्रीट ओतले, की ती जागा पुन्हा दिसते ती तडा गेल्यावरच.